चौसष्ट चाव्यांवरील स्वारी आठ सवालांत फत्ते जाहली त्याची हकीकत

सवाल पुसणे हे थोर कृत्य, आणि सवाल मोजणे हे त्याहून थोर कृत्य, ऐसे ज्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मानितात, तेथील हा वृत्तांत. अखंडित-अनुदान-लक्ष्मी-अलंकृत, सरलष्कर, क्वांटम गणना विभागाचे प्रमुख, तमाम लहानथोर ज्यांस मोठे सर म्हणतात, यांची आम्हांस, म्हणजे विभागाच्या कारकुनास, आज्ञा जाहली की, मोहिमेची हकीकत साद्यंत लिहोन काढावी, पुढील पिढ्यांस कळली पाहिजे, आणि शुक्रवारी टेबलावर आली पाहिजे. आज्ञा प्रमाण. त्याप्रमाणे जे पाहिले ते लिहितो, जे ऐकिले ते लिहितो, आणि जे आम्हांस कोणी पुसिले नाही तेही लिहितो, कारण ते लिहू नये ऐसे आज्ञेत कोठेही म्हटलेले नाही.

प्रथम या दरबारचा कायदा सांगणे जरूर. बंद पेटीत काही मांडणी दडलेली असावी, पेटीस सवाल पुसावे, पेटीने जबाब द्यावा, आणि जो कमीत कमी सवालांत मांडणीचा गुण ओळखील तो शहाणा, ऐसे हे शास्त्र. यात फक्त सवाल मोजावयाचे, दुसरे काही मोजावयाचे नाही. दोन सवालांच्या मध्ये कोणी हजार वर्षे विचार केला, यंत्र मोडले, सुटा भाग येण्याची वाट पाहिली, आणि तोवर चारशे वेळा चहा घेतला, तरी हिशेब शून्य. मोठे सर इतके न्यायी की हाच कायदा स्वतःसही लावीत. एका बुधवारची मसलत चार तास चालली, आणि मग इतिवृत्तात त्यांनी तिची नोंद ‘संक्षिप्त बैठक’ ऐसी करविली, कारण चार तासांत सवाल एकच पुसला गेला, तो म्हणजे “कळलं ना?” 

ऐसे असता दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यास रंग देण्याचे ठरले. त्या व्हरांड्यात लोखंडी कप्पे चौसष्ट, आणि शेजारी लाकडी फळीवर खुंट्या चौसष्ट, आणि दर खुंटीवर त्या अंकाच्या कप्प्याची चावी, ऐसा वीस वर्षांचा बंदोबस्त. रंगारी आले, त्यांनी तमाम चाव्या काढोन बादलीत टाकिल्या, फळी रंगविली, आणि मग जी चावी हाती लागेल ती जी खुंटी पुढे दिसेल तीवर अडकवून निघोन गेले. खुंटी एक रिकामी नाही, खुंटीवर चाव्या दोन नाहीत, मात्र कोणती कोठे त्याचा ठावठिकाणा नाही. यास शास्त्रात क्रमचय म्हणतात, आणि व्हरांड्यात गोंधळ म्हणतात.

विभागात हाहाकार जाहला. कोणाचा डबा कप्प्यात अडकला, कोणाची छत्री, कोणाचे औषध. परंतु मोठ्या सरांचे मुखावर तेज चढले. वर्षानुवर्षे कागदावर क्रमचय काढोन काढोन हात दुखले, आणि आज साक्षात एक क्रमचय भिंतीवर टांगलेला! तत्काळ खलबत बसले आणि हुकूम जाहला, तो ऐसा: या फळीवर निदान एक तरी चावी आपल्या मूळच्या खुंटीवर आहे की नाही, याचा निकाल क्वांटम यंत्राने लावावा. साधी रीत म्हणजे एकेका खुंटीस पुसत जाणे, त्या रीतीस साठाच्या वर सवाल लागतात. क्वांटम रीतीने चौसष्टाचे वर्गमूळ आठ, सबब आठ सवालांत फत्ते करावी. पाहणी समिती पुढील महिन्याअखेर येणार, तिच्या नजरेसमोर करावी. आणि तोवर फळीस कोणी हात लावू नये. मग फळीसमोर लाल-पांढरी फीत आडवी बांधिली आणि वर ‘प्रयोग चालू आहे’ ऐसी पाटी डकविली. डब्यांविषयी हुकुमात उल्लेख नव्हता.

आता ती क्वांटम रीत काय, हे आम्ही जितके समजलो तितके सांगतो. साध्या रीतीत एक सवाल एका खुंटीस. क्वांटम रीतीत एकच सवाल चौसष्ट खुंट्यांस एकदम, आणि जबाबही एकात एक मिसळोन येतात; ते उघडोन पाहू जाता एकच अंक हाती लागतो आणि बाकी सर्व विरोन जातात. म्हणोन लगेच उघडावयाचे नाही. सवाल ठरल्या चालीने पुन्हा पुन्हा पुसावा, म्हणजे खऱ्या खुंटीचे, जिची चावी जागेवर तिचे, पारडे हळूहळू जड होते, आणि मग उघडिले असता बहुतकरून तिचाच अंक निघतो. खरी खुंटी मुळात नसेलच तर जो निघेल तो अंक, त्यास अर्थ नाही. म्हणोन यंत्रास सात सवाल करावे, अंक घ्यावा, आणि आठवा सवाल त्या खुंटीस प्रत्यक्ष करोन खातरजमा करावी.

ही सारी रीत जिने सिद्ध केली ती मोठ्या सरांच्या हाताखालील विद्यार्थिनी. पीएचडीचे पाचवे वर्ष चालले, म्हणोन तमाम मजला तीस पाचवी म्हणे. तिचा प्रबंध लिहोन तयार, चार प्रकरणे पक्की, आणि पाचव्या प्रकरणात प्रत्यक्ष प्रयोग, त्यावर समितीची सही व्हावी, म्हणजे पदवी. सही न जाहली तर त्याच महिन्याअखेर तिची नोंदणी बाद, आणि पाच वर्षे पाण्यात. बाकीच्यांस ही मोहीम म्हणजे फीत आणि पाटी; पाचवीस ती जगण्यामरण्याची गोष्ट होती.

पहिलीच लढाई तयारीची. यंत्र तळघरात, त्यास डोळे नाहीत, फळी दुसऱ्या मजल्यावर. यंत्राने जबाब द्यावा तर फळीवर काय आहे ते आधी त्यात भरिले पाहिजे. मग रंगारी गेले त्याच संध्याकाळी पाचवीने वही घेतली, शिडी घेतली, आणि चौसष्ट खुंट्यांवरील चौसष्ट चाव्यांचे अंक एकेक वाचोन उतरविले, आणि ती वही घेवोन थेट मोठ्या सरांच्या दालनात गेली.

“सर, उत्तर मिळालं. एकही चावी आपल्या जागेवर नाही.”

मोठ्या सरांनी उठोन दालनाचे दार लोटिले. मग म्हणाले, “तू पाहिलेलं नाहीस.”

“सर, मी आत्ता शिडीवरून उतरले.”

“ती तयारी. तयारी म्हणजे विचारणं नव्हे. शास्त्राच्या दृष्टीने तुला काहीही माहीत नाही. विसरून जा.”

आणि लागलीच फर्मान निघाले की, पाचवीने त्या व्हरांड्यात पाऊल ठेवू नये, कारण ठेविले तर नजर जाईल, आणि नजर जाणे म्हणजे सवाल, आणि सवाल आठच आहेत. तेव्हापासून ती मागच्या जिन्याने तळघरात उतरू लागली. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात ‘एकूण सवाल: आठ’ ऐसे मोठ्या सरांनी आपल्या हाताने लिहिले आणि खाली दोन रेघा मारिल्या.

तीस दर रविवारी आईचा फोन येई. त्या रविवारी तिने आईस सर्व मजकूर सांगितला. आई निवृत्त शाळामास्तरीण, हिशेबाची पक्की.

“अगं, पण तू बघितल्यास ना सगळ्या?”

“हो.”

“मग विचारताय कुणाला?”

“आई, तसं नसतं ते.”

“मग कसं असतं?”

पाचवीने ‘नंतर सांगते’ म्हणोन फोन ठेविला. मोहिमेपायी रविवारची सुटी बंद, आम्ही शेजारच्या टेबलावर होतो, मुद्दाम ऐकिले नाही, ऐकू आले.

आता मावशींचे कथन. या मावशी मजल्याच्या झाडलोटीच्या मुख्य, वीस वर्षांच्या जुन्या, आणि चाव्यांची फळी त्यांच्याच अखत्यारीतली. रंगारी गेले त्याचे दुसरे दिवशी सकाळी त्या आल्या, फळी पाहिली, कपाळास हात लाविला, फीत सोडविली, चाव्या उतरविल्या, आणि एकेकीचा अंक अंगठ्याने चाचपून तमाम चाव्या आपापल्या खुंटीवर टांगिल्या. मग फीत होती तशी बांधिली, कारण फीत सरांची होती. त्याच दुपारी सर्वांनी आपले डबे काढिले. फितीखालून हात घालावा, चावी घ्यावी, कप्पा उघडावा, चावी पुन्हा लावावी, ऐसा शिरस्ता पडला. मोठ्या सरांचा स्वतःचा कप्पा नाही, त्यांचे कपाट दालनात. त्यांस कोणी सांगितले नाही, कारण त्यांनी कोणास पुसिले नाही. आम्हीही सांगितले नाही. पाचवी तळघरात, तिच्याही कानी गेले नाही. आमची चप्पल सदतिसाव्या कप्प्यात असे, आणि ती सात आठवडे रोज वेळेवर मिळत होती, सबब आमची तक्रार नव्हती. एवढ्यापुरते आमचे चुकले, ते येथे कबूल करितो.

खाली तळघरात मात्र रण माजले होते. ते यंत्र म्हणजे पिंपाएवढे, आत पितळी नळ्यांचे झुंबर, आणि त्यास थंडी इतकी लागते की पृथ्वीवर नैसर्गिक कोठे मिळत नाही. पहिल्या आठवड्यात पंप बसला. दुसऱ्या आठवड्यात थंडी धरेना. तिसऱ्यात थंडी धरली, तो कोणी जिन्यावर खुर्ची ओढिली आणि तेवढ्या हादऱ्याने यंत्र भांबावले. चौथ्या आणि पाचव्यात सुटा भाग येत होता. सहाव्यात आला, तो दुसऱ्याच यंत्राचा. पाचवीने दोन स्वेटर चढवून, हातमोज्यांची बोटे कापून, सातही आठवडे तेथे तळ दिला, आणि तिच्या नाकी नऊ आले. हे सर्व मिळोन सवाल किती जाहले? शून्य. मोठे सर दर सोमवारी वरून विचारणा न करिता आनंद व्यक्त करीत की, अद्याप आपला एकही सवाल खर्ची पडलेला नाही.

मग समितीचा दिवस उगवला. समिती तीन असामींची. दोघे चहाकडे लक्ष ठेवोन होते, आणि अध्यक्षबाई ठेंगण्या, केस पांढरे, बोलणे तुटक, आणि हाती छापील तक्ता. त्या तक्त्यात रकाने चार: साध्या रीतीने सवाल, क्वांटम रीतीने सवाल, खातरजमा जाहली की नाही, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना बोटभर, कारण त्यात कोणी कधी काही लिहीत नाही.

तळघरात सारे उभे राहिले. पाचवीने कळ दाबिली. पापणी लवते न लवते तो सात सवाल पार पडले, आणि पडद्यावर अंक उमटला: सदतीस. मोठ्या सरांनी तो खणखणीत आवाजात वाचिला. पाचवी शांत होती. तिच्या वहीप्रमाणे सदतिसाव्या खुंटीवर नवव्या कप्प्याची चावी, म्हणजे खातरजमेत अंक खोटा ठरणार, आणि मग निकाल ‘एकही नाही’, आणि तोच खरा. यंत्र, रीत आणि ती स्वतः, तिघेही सचोटीने सुटणार होते.

मग खासा स्वारी जिना चढोन वर आली. पुढे मोठे सर, मागे समिती, त्यामागे पाचवी सात आठवड्यांत प्रथमच त्या व्हरांड्यात, आणि शेवटी आम्ही, पायात चप्पल नाही, कारण ती कप्प्यात. मोठ्या सरांनी कात्रीने फीत कापिली. सदतिसाव्या खुंटीवरील चावी काढिली. तीवर अंक सदतीस. ती सदतिसाव्या कप्प्यास लाविली आणि कप्पा खटकन उघडला, आणि आत आमची चप्पल, आणि अर्धा बिस्किटांचा पुडा. समितीच्या दोघांनी टाळ्या वाजविल्या. मोठ्या सरांचा ऊर भरोन आला आणि त्यांनी जाहीर केले की, क्रमचयाचा गुण आठ सवालांत हस्तगत जाहला, ऐसे पूर्वी कधी घडले नाही. चपलेविषयी त्यांनी पुसिले नाही.

अध्यक्षबाईंनी तक्त्याचे तीन रकाने भरिले. त्रेसष्ट. आठ. होय. मग प्रबंधाचे शेवटचे पान काढिले, लेखणीचे टोपण उघडिले, आणि सहज पाचवीकडे पाहिले. पोरीचा चेहरा पांढराफटक.

“काही शेरा?” बाई म्हणाल्या.

येथे आम्ही पाचवीस नीट पाहिले. गप्प राहावे तर सही. पाच वर्षे, दोन स्वेटर, आईचे रविवार, सगळे एका सहीत मोकळे. मोठे सर मागून मान हलवीत होते, ‘नाही’ म्हण, ‘नाही’ म्हण. मूग गिळून बसण्यास इतका चांगला मुहूर्त आम्ही आमच्या सबंध नोकरीत पाहिला नाही, आणि आम्ही असतो तर गिळिले असते.

“मॅडम, ही चावी इथे असायला नको होती,” पाचवी म्हणाली.

“म्हणजे?”

“मी सुरुवातीलाच चौसष्टच्या चौसष्ट वाचल्या होत्या. यंत्रात भरायला वाचाव्याच लागतात. एकही जागेवर नव्हती. काही नसलं की यंत्र कुठलाही नंबर देतं, त्याचा दोष नाही. पण आज ही चावी लागायला नको होती. आणि आठ सवाल हे खरं नाही. चौसष्ट अधिक आठ.”

अध्यक्षबाईंनी अडतिसावी चावी पाहिली. अडतीस. एकोणचाळिसावी पाहिली. एकोणचाळीस. मग पहिली, मग चौसष्टावी.

“या सगळ्या जागेवर लावल्या कुणी?”

“मी,” मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या. हाती ओले फडके होते. “रंगारी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. लोकांचे डबे अडकले होते हो.”

“किती वेळ लागला?”

“चहाच्या आधी झालं.”

“चौसष्ट चाव्या बघितल्यात?”

“त्रेसष्ट. शेवटची कशाला बघायची? खुंटी एकच उरली होती की.”

पाचवीस एकाएकी हसू फुटले आणि ते आवरेना, डोळ्यांतून पाणी आले तरी आवरेना. कारण त्रेसष्ट पुसिल्यावर चौसष्टावी पुसणे नको, आणि त्रेसष्टाहून कमी पुसोन सदैव भागत नाही, हे तिने प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात सिद्ध केले होते, पाने बावीस, काळ अकरा महिने. अध्यक्षबाईंनी ते प्रकरण वाचिले असावे, कारण त्याही हसू लागल्या. मोठे सर हसले नाहीत. त्यांनी मावशींस विचारिले की, फितीस हात कोणाच्या परवानगीने लाविला. मावशी म्हणाल्या, “तुम्ही कुठे होता विचारायला?”

मग अध्यक्षबाईंनी प्रबंधाचे पाचवे प्रकरण उघडिले, ‘एकूण सवाल: आठ’ यावर, दोन्ही रेघांसकट, काट मारिली, वर ‘चौसष्ट अधिक आठ’ लिहिले, बाजूस पाचवीची आद्याक्षरे घेतली, आणि म्हणाल्या, “गेल्या दहा वर्षांत मला हा आकडा कुणी सांगितला नव्हता. यासाठी सही करतेय, त्या चपलेसाठी नाही.” आणि खाली सही केली. पाचवी भिंतीस टेकोन उभी राहिली. मावशींनी तिजला स्टूल दिले.

आता फत्तेचा दाखला. तक्त्यातील तीन रकाने आधीच भरिले होते, आणि त्यांत खोटे एकही अक्षर नव्हते. बोटभर शेऱ्यात अध्यक्षबाईंनी जे लिहिले ते वरच्या कार्यालयात वाचिण्याचा रिवाज नाही. सबब यंत्रास दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली, मोठ्या सरांस सन्मानपत्र मिळाले, आणि व्हरांड्यात त्यांची तसबीर लागली, सदतिसाव्या कप्प्याच्या वर. पाचवीस पदवी मिळाली. मावशींस लेखी समज मिळाली की, पुढे परवानगीवाचून गोंधळ आवरू नये. त्यांनी तो कागद घडी करोन डगमगत्या कपाटाच्या पायाखाली सरकविला, आणि कपाट स्थिर जाहले.

आणि मग नवा हुकूम निघाला की, हा पराक्रम पुढील समितीसमोर पुन्हा करोन दाखवावा, सबब मावशींनी स्वतः डोळे मिटोन तमाम चाव्या बादलीत कालवाव्या आणि न पाहता टांगाव्या, आणि कारकुनाने साक्षीस उभे राहावे.

ज्या दिवशी कालवाकालव ठरली, त्याच दिवशी पाचवी सामान घेवोन निघाली. तिचा कप्पा चौदावा. छत्री काढिली, कप्पा पुसोन घेतला, आणि चावी मावशींच्या हाती दिली.

“सांभाळा मावशी.”

“तू जेवत जा वेळेवर,” मावशी म्हणाल्या.

ती जिना उतरोन गेली. या खेपेस पुढच्या जिन्याने गेली. मावशींनी बादली पुढे ओढिली, डोळे मिटिले, हुकुमाप्रमाणे त्रेसष्ट चाव्या कालविल्या, आणि न पाहता हाताला येईल त्या खुंटीवर टांगिल्या. मात्र चौदावी खुंटी चाचपून रिकामी ठेविली होती. शेवटी मुठीतली चावी त्यांनी तीवर अडकविली, डोळे उघडिले, आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही साक्षीदाराच्या ओळीवर सही केली.

ऐसी ही फत्ते. फळीवर निदान एक चावी आपल्या जागी आहे, हे आज या इमारतीत दोघांस ठाऊक आहे, आणि ते कळावयास सवाल लागले शून्य. तळघरात यंत्र थंड होत आहे. मोठ्या सरांनी पुसिले तर एका शब्दात सांगू. अद्याप पुसिलेले नाही. इति शुक्रवार, टेबलावर ठेविले असे.